नगाचा भाव आणि किलोचा भाव: एका सच्छिद्र ग्लुकोज सेन्सरचं प्रकरण

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बायोसेन्सर, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक घटकाच्या मदतीने एखादा पदार्थ मोजणारी साधनं, शिकवताना मी दहा उदाहरणं वरवर सांगत बसत नाही, एकच प्रकरण घेऊन आठवडाभर त्यालाच धरून बसते. दोन शोधनिबंध. पहिला २०१२ सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मधला. चीनमधलं नानजिंग विद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड यांचं हे एकत्र काम. लिजिया पान, गुईहुआ यू आणि झेनान बाओ ही त्यातली ठळक नावं. दुसरा २०१३ सालचा, 'एसीएस नॅनो'मधला. पान आणि यू त्यातही आहेत. पॉलिमर दोन्हीकडे तोच, वीज वाहून नेणाऱ्या पॉलिॲनिलिनची सच्छिद्र जेली. एन्झाइमही तेच, ग्लुकोज ऑक्सिडेज. दुसऱ्या वर्षी जेलीच्या जाळीत प्लॅटिनमचे नॅनोकण बसवले, हा मुख्य फरक.

पहिल्या निबंधातली संवेदनशीलता १६.७, दुसऱ्यातली ९६.१. फळ्यावर हे दोन आकडे लिहिले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, पावणेसहा पट!"

मी काही बोलत नाही, आकड्यांपुढे एकक तेवढं लिहिते. पहिला आकडा आहे मायक्रोॲम्पिअर दर मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणातल्या ग्लुकोजच्या प्रमाणाचं एकक). दुसरा मायक्रोॲम्पिअर दर मिलिमोलर, दर चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका भाजीवाल्याने कोबी नगावर सांगितला, दुसऱ्याने किलोवर. गड्डा केवढा होता ते कळल्याशिवाय कोण स्वस्त ते ठरत नाही. पहिल्या सेन्सरचं क्षेत्रफळ हातात नसताना "सहापट" म्हणणं हा निव्वळ उत्साह झाला. तरीही दुसरा सेन्सर खरोखर चांगला आहे, आणि का चांगला आहे ते जुन्या आकड्याशी तुलना न करताही दाखवता येतं. प्रकरण खरं तिथे सुरू होतं.

मोजायचं काय

ग्लुकोज ऑक्सिडेज हे अस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळणारं एन्झाइम. वजन साधारण १ लाख ६० हजार डाल्टन, सर्वांत लांब बाजू सात-आठ नॅनोमीटर. ते ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करतं, त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतं आणि बदल्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. हा पेरॉक्साइड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर ठेवलेल्या प्लॅटिनमला भेटला की दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचा पुन्हा ऑक्सिजन होतो. इलेक्ट्रॉन मोजले की ग्लुकोज मोजलं. ग्लुकोज एका मिलिमोलरने वाढवल्यावर करंट किती वाढला, आलेखाच्या त्या चढालाच संवेदनशीलता म्हणतात. (ऑक्सिजन परत मिळतो हे इथे सहज येऊन गेलं, पण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.)

एन्झाइमला सच्छिद्र पॉलिमरमध्ये बसवायची कल्पना नवी अजिबात नाही. १९६२ साली लीलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, आणि १९६७ साली अपडाइक आणि हिक्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलमध्ये अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवलं. तेव्हा जेलचं काम एन्झाइमला जागेवर धरून ठेवणं एवढंच. वीज काही त्या जेलमधून जात नव्हती.

सपाट पत्र्यावर किती मिळालं असतं

जाळी पाडायची गरज काय, हे आकडेमोड केल्याशिवाय मुलांना पटत नाही. म्हणून एक मोघम हिशोब करायला लावते. एक चौरस सेंटिमीटरचा गुळगुळीत प्लॅटिनमचा पत्रा घ्या. त्यावर एन्झाइमचा एकच थर, अगदी खेटून. एका रेणूला साधारण ५० चौरस नॅनोमीटर जागा धरली तर सुमारे २ लाख कोटी रेणू मावतात. हे एन्झाइम पूर्ण जोरात सेकंदाला सातशेच्या आसपास ग्लुकोज रेणू उरकतं, पण तो जोर यायला ग्लुकोज भरपूर लागतं. निम्मा वेग गाठायलाच तीसेक मिलिमोलर. एका मिलिमोलरला वेग उरतो सेकंदाला वीसेक रेणू. गुणाकार करा, प्रत्येक पेरॉक्साइडमागे दोन इलेक्ट्रॉन धरा: तेरा-चौदा मायक्रोॲम्पिअर. त्यातला निम्मा पेरॉक्साइड प्लॅटिनमकडे न जाता उलट्या दिशेने द्रावणात निघून जातो, कारण पसरणाऱ्या रेणूला वर-खाली दोन्ही वाटा सारख्याच. म्हणजे सहा-सात. काही एन्झाइम बसवतानाच मरतं. पदरात पडतात पाचेक.

हा वरचा अंदाज आहे, एकही चूक न करणाऱ्याचा. आमच्या प्रयोगशाळेत याच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही.

मग थर जाड करा. १९८६ साली इंग्लंडमध्ये फोल्ड्स आणि लो यांनी, आणि अमेरिकेत उमान्या आणि वॉलर यांनी, ग्लुकोज ऑक्सिडेज पॉलिपायरोलच्या थरात अडकवून दाखवलं. पायरोलचं पॉलिमर उदासीन पाण्यातही इलेक्ट्रोडवर वाढतं, त्यामुळे एन्झाइम त्याच भांड्यात टाकून दिलं की वाढणाऱ्या थरात आपोआप गाडलं जातं. युक्ती फार सुंदर होती, पण थर भरीव. ग्लुकोज वरच्या भागातच संपायचं आणि तळाचं एन्झाइम उपाशी राहायचं. वर तयार झालेल्या पेरॉक्साइडला खाली प्लॅटिनमपर्यंत पोचायला अख्खा थर ओलांडावा लागायचा, त्यातला बराचसा बाहेरच पळायचा. थर जाड करत गेलं की एका मर्यादेनंतर करंट वाढायचं थांबतं, उलट प्रतिसाद सुस्तावतो. माल वाढला, पण रस्ते तेवढेच राहिले.

कोंड्यातलं आम्ल आणि तीन आकारांची जाळी

पॉलिॲनिलिन बायोसेन्सरवाल्यांना जुनं परिचयाचं. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत बी. डी. मल्होत्रा यांच्या गटाने त्यावर कितीतरी वर्षं काम केलं आहे. अडचण अशी की ॲनिलिनचं पॉलिमर तीव्र आम्लात आणि पर्सल्फेटसारख्या ऑक्सिडीकारकाच्या साथीने होतं. त्या भांड्यात एन्झाइम टाकणं म्हणजे दूध उतू जात असताना त्यात लिंबू पिळणं. म्हणून एन्झाइम नंतर घालावं लागतं, आणि नंतर घालायचं तर आत शिरायला वाट हवी.

२०१२ च्या निबंधातली खरी कल्पकता इथे आहे. त्यांनी आम्ल निवडलं फायटिक. हे आपल्या स्वयंपाकघरातलंच: तांदळाचा आणि गव्हाचा कोंडा, तीळ, कडधान्यं यांच्यात ते असतं, आणि कडधान्याला मोड आणले की कमी होतं म्हणून आहारतज्ज्ञ मोडांचा आग्रह धरतात. लोह आणि जस्त ज्याच्यामुळे पोटात अडून राहतं तेच हे. एका कड्याभोवती सहा फॉस्फेट गट, जणू सहा हात. नेहमीचं आम्ल, समजा हायड्रोक्लोरिक, पॉलिॲनिलिनच्या साखळीला प्रभारित करून वाहक बनवतं आणि तिथेच थांबतं. फायटिक आम्ल एका हाताने ही साखळी धरतं, दुसऱ्या हाताने शेजारची. वाहकपणा देणारा आणि सांधणारा एकच, त्यामुळे जेल बनवण्यासाठी वेगळा वीजरोधक सांगाडा लागत नाही. आधीच्या वाहक जेलमध्ये नेमकं तेच दुखणं होतं: सांगाडा दुसऱ्याच पॉलिमरचा, वाहक पॉलिमर त्यात भरलेला, आणि इलेक्ट्रॉनची वाट जागोजाग तुटलेली.

प्रात्यक्षिक म्हणून आम्ही ही जेली करून बघतो. ॲनिलिनची बाटली आधी उघडून बघावी लागते. ठेवलेलं ॲनिलिन काळ्या चहासारखं तपकिरी होतं, मग ऊर्ध्वपातन करून पिवळट, जवळपास बिनरंगी करून घ्यायचं. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, कारण ॲनिलिन विषारी. एका छोट्या वायलमध्ये पाण्यात अमोनियम पर्सल्फेट. दुसरीत ॲनिलिन आणि फायटिक आम्ल. हे आम्ल मधासारखं घट्ट, पिपेटच्या टोकाला चिकटून राहतं, आणि घाईत माप हमखास कमी भरतं. दोन्ही वायल बर्फात गार करायच्या आणि एकात एक ओतायच्या. पहिला क्षणभर काहीच नाही. मग तळातून निळसर-जांभळी छटा चढते, बघता बघता गडद होते, आणि शेवटी इतका काळपट हिरवा रंग येतो की काचेला लागलेला पातळ थर पाहिल्याशिवाय हिरवं आहे हे कळत नाही. काही मिनिटांत वायल उलटी केली तरी आतलं खाली येत नाही. मुलं हा उलट्या वायलचा फोटो काढतातच, आणि मीही काढू देते.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पोवळ्यासारखे फाटे फुटलेले नॅनोतंतू दिसतात. छिद्रं एका मापाची नाहीत: मोठी मायक्रोमीटरच्या पट्टीतली, मधली काही दशक ते शेकडो नॅनोमीटरची, आणि अगदी बारीक म्हणजे साखळ्यांमधल्या रेणूएवढ्या फटी. निबंधाच्या शीर्षकातला उतरंडीचा उल्लेख याच रचनेला उद्देशून आहे. मुलांना मी सांगते, गावाचे रस्ते आठवा. हमरस्ता नसेल तर माल गावात येत नाही, आणि बोळ नसतील तर दारापर्यंत जात नाही.

जाळी किती बारीक

सच्छिद्र पदार्थाबद्दलच्या लिखाणात पृष्ठफळाचा आकडा मोठ्या दिमाखात येतो: एका ग्रॅमला इतके शे चौरस मीटर. हा आकडा बहुतेक वेळा नायट्रोजन वायू शोषवून काढलेला असतो, आणि नायट्रोजनचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही लहान. तो जिथे जिथे शिरतो तिथे आठ नॅनोमीटरचं एन्झाइम शिरेलच असं नाही. दोन नॅनोमीटरखालच्या छिद्रांनी पृष्ठफळ कितीही फुगो, ग्लुकोज ऑक्सिडेजसाठी ती भिंतच. माझ्या मते सेन्सरच्या निबंधात नुसतं पृष्ठफळ छापणं म्हणजे लग्नाच्या हॉलची जागा मोजताना भिंतीतल्या भेगाही धरण्यासारखं आहे.

मग योग्य माप कोणतं? छिद्र दहा नॅनोमीटरचं असेल तर एकच एन्झाइम बूच होऊन बसतं. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकेक थर बसवला तर सोळा नॅनोमीटर गेले. ग्लुकोज आत आणि पेरॉक्साइड बाहेर जायला मध्ये मोकळी वाट उरायची तर तीसपासून शंभर नॅनोमीटरचं छिद्र हवं. त्याहून फार मोठं केलं की वाट प्रशस्त होते, पण तेवढ्याच आकारमानात भिंती कमी आणि एन्झाइमला बसायला जागा कमी. सुवर्णमध्य या शब्दाचा मला कंटाळा आहे, पण इथे तो दिसतो तरी, नॅनोमीटरमध्ये मोजता येतो.

माझी स्वतःची फजिती याच ठिकाणी झाली. पहिल्यांदा जेली केली तेव्हा इलेक्ट्रोडवर थेंब ठेवून, लवकर आटपावं म्हणून, तो गरम पट्टीवर सुकवला. सुंदर चकचकीत काळा थर. मग एन्झाइमचं द्रावण घातलं, ग्लुटारल्डिहाइडने सांधलं, धुतलं, आणि ग्लुकोज टाकून करंट बघितला तर सपाट इलेक्ट्रोडपेक्षा उजवा म्हणावा असा काहीच नाही. दोन दिवस मी एन्झाइमच्या बाटलीला दोष दिला. बाटली बरोबर होती. चूक पाण्याची होती, म्हणजे पाणी ज्या पद्धतीने बाहेर काढलं त्याची. ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातून पाणी सुकताना पृष्ठताण भिंतींना आत खेचतो, आणि तो दाब येतो २८-२९ वातावरणांएवढा, ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या तिपटी-चौपटीने. ओल्या जेलीचे तंतू तेवढा दाब कुठून सोसणार? जाळी मिटली आणि भाजलेल्या पापडासारखा घट्ट पत्रा उरला. चकचकीतपणा हीच तक्रार होती. जाळीदार थर मखमलीसारखा मंद दिसतो. तेव्हापासून आमच्याकडे जेली धुऊन बफरमध्येच ठेवली जाते, आणि सुकवायचीच असेल तर गोठवून.

प्लॅटिनमने नेमकं काय केलं

जाळी झाली, तरी पेरॉक्साइडचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. नुसत्या पॉलिॲनिलिनवर पेरॉक्साइड प्लॅटिनमइतक्या सहज इलेक्ट्रॉन देत नाही. जेली दहा मायक्रोमीटर जाड असेल आणि प्लॅटिनम तळाला असेल, तर वरच्या मजल्यावर तयार झालेला पेरॉक्साइड तळाशी यायला तीस-चाळीस मिलिसेकंद घेतो. वेळ ही मोठी अडचण नाही. त्या वेळात तो वरच्या दाराने बाहेर जाऊ शकतो, ही आहे.

२०१३ मध्ये त्यांनी प्लॅटिनमच वर नेलं. तंतूंच्या भिंतींवर नॅनोकण बसवले आणि त्यांच्या शेजारी एन्झाइम. आता पेरॉक्साइडला ५० नॅनोमीटर जायचं आहे, आणि अंतराच्या वर्गाने वेळ कमी होत असल्याने ते काम एका मायक्रोसेकंदात होतं. बाहेर पळायचं म्हटलं तरी वाटेत दर पावलाला प्लॅटिनम. शिवाय कणांनी दिलेले इलेक्ट्रॉन तळापर्यंत न्यायला पॉलिॲनिलिनची तार आहेच. ग्लुकोज, पेरॉक्साइड आणि इलेक्ट्रॉन या तिघांच्या वाटा एकाच भिंतीपाशी आखूड झाल्या. नुसती छिद्रं वाढवून हे झालं नसतं, आणि नुसतं प्लॅटिनम वाढवूनही नाही. त्या निबंधातले आकडे: संवेदनशीलता ९६.१ मायक्रोॲम्पिअर दर मिलिमोलर दर चौरस सेंटिमीटर, प्रतिसाद ३ सेकंदांत, सरळ रेषा ०.०१ ते ८ मिलिमोलरपर्यंत, ओळखता येणारी किमान मात्रा ०.७ मायक्रोमोलर.

आता ९६.१ हा आकडा स्वतःच्या पायावर तोलून बघू, २०१२ ला मध्ये न आणता. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला खेटून पाण्याचा जो स्थिर थर असतो तो समजा १०० मायक्रोमीटर जाड आहे. ग्लुकोज पाण्यात जितक्या वेगाने पसरतं त्यावरून एका मिलिमोलरला त्या थरातून जास्तीत जास्त किती ग्लुकोज इलेक्ट्रोडपर्यंत येऊ शकतं ते काढता येतं. प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरून उत्तर येतं चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० मायक्रोॲम्पिअर. द्रावण जोरात ढवळलं तर हा थर पातळ होतो आणि छत वर जातं, पण पट्टी हीच. म्हणजे हा सेन्सर आलेलं बरंचसं ग्लुकोज खाऊन टाकतोय. यापुढे जाळी दुप्पट बारीक करा, एन्झाइम दुप्पट भरा, करंट दुप्पट होणार नाही. दारात तेवढं ग्लुकोजच येत नाही. पुढे संवेदनशीलता वाढवायची तर इलेक्ट्रोडचं रसायन नाही, द्रावणाचा प्रवाह बदलावा लागेल. वर्गात हा गुणाकार पूर्ण होतो तेव्हा एखादा तरी विद्यार्थी वहीतून मान वर करतो. मला त्या क्षणासाठी हे प्रकरण आवडतं.

आणि मघाचा ऑक्सिजन. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो फक्त ०.२५ मिलिमोलरच्या आसपास असतो. तसाच हिशोब ऑक्सिजनसाठी केला, तो ग्लुकोजपेक्षा तिपटीने वेगाने पसरतो हे धरूनही, बाहेरून येणारा ऑक्सिजन चौरस सेंटिमीटरला शंभरेक मायक्रोॲम्पिअरच पोसू शकतो. ९६.१ च्या चढाने ही शिदोरी एका मिलिमोलरलाच संपायला हवी होती. रेषा मात्र आठपर्यंत सरळ गेली आहे. माझं स्पष्टीकरण असं: पेरॉक्साइडने प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉन दिले की ऑक्सिजन परत तयार होतो, आणि तो एन्झाइमच्या अगदी शेजारी, त्याच छिद्रात. शेजारणीने नेलेली वाटी दुसऱ्याच मिनिटाला परत यावी तसा तोच ऑक्सिजन पुन्हा पुन्हा वापरात येतो. सपाट थरात हा परतीचा ऑक्सिजन तळाशी सुटतो आणि एन्झाइम वर असतं. जाळीत दोघं एकाच खोलीत.

किंमत

प्लॅटिनमचे पैसे मी धरत नाही. इतकं कमी लागतं की ते बाजूला ठेवता येतं.

पहिली किंमत पार्श्वभूमीची. २०१२ च्या निबंधाने याच जेलीची धारिता, म्हणजे विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता, ग्रॅमला सुमारे ४८० फॅरड मिळाल्याचं अभिमानाने सांगितलं आहे, पण ते सुपरकॅपॅसिटरच्या संदर्भात. सेन्सरसाठी तीच गोष्ट डोकेदुखी: व्होल्टेज लावल्यावर एवढी मोठी धारिता भरेपर्यंत करंट खाली खाली येत राहतो आणि पायारेषा स्थिर व्हायला वाट बघत बसावी लागते. चढ कितीही वाढला तरी गोंगाट त्याच्याबरोबर वाढला तर किमान मात्रेचा फायदा हातचा जातो. घाईत पहिलं ग्लुकोज टाकणाऱ्या मुलांचे आलेख दरवर्षी घसरगुंडीसारखे येतात.

दुसरी किंमत ओळखीच्या घुसखोरांची. त्या व्होल्टेजला क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि पॅरासिटामॉल ही मंडळीही प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉन देतात, आणि जाळीने त्यांच्यासाठीही दारं उघडलेली असतात. ॲस्कॉर्बेट आणि युरेट ऋण प्रभारी, म्हणून नाफियॉनसारख्या ऋण प्रभारी पातळ थराने त्यांना दूर ठेवता येतं. पॅरासिटामॉलला प्रभार नाही, तो हसत आत येतो. दुसरी वाट म्हणजे व्होल्टेजच शून्याजवळ आणायचं. मॉस्कोच्या अर्कादी कार्याकिन यांनी १९९० च्या दशकात प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर पेरॉक्साइड अशा कमी व्होल्टेजला मोजून दाखवला.

तिसरी किंमत सगळ्यांत बोलकी. आठ मिलिमोलर म्हणजे आपल्या रिपोर्टवरच्या भाषेत १४४ मिलिग्रॅम दर डेसिलिटर. अनियंत्रित मधुमेहाच्या माणसाची जेवणानंतरची साखर २५०, म्हणजे १३.९ मिलिमोलर, ती या रेषेच्या बाहेर जाते. रक्तातल्या साखरेला एवढी संवेदनशीलता नकोच आहे. दंडावर लावायच्या सेन्सरमध्ये कंपन्या काय करतात? एन्झाइमच्या वर मुद्दाम एक पडदा बसवतात, ग्लुकोज कमी आत यावं आणि ऑक्सिजन भरपूर यावा म्हणून. संवेदनशीलता हाताने कमी करतात आणि त्या बदल्यात लांब सरळ रेषा विकत घेतात.

हे ऐकल्यावर गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, एवढी जाळी पाडली कशाला?"

घामासाठी. घामात ग्लुकोज रक्ताच्या मानाने अगदी थोडं असतं, ०.०१ ते ०.२ मिलिमोलर. २०१६ साली बर्कलीत वेई गाओ आणि अली जावेय यांच्या गटाने मनगटावरची पट्टी करून घामातलं ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकदम मोजून दाखवलं. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज कायटोसान या पॉलिमरमध्ये बसवलेलं होतं आणि खाली प्रशियन ब्लू. त्या पट्टीत जाळीची ही जेली नव्हती, पण प्रश्न तोच होता.

मुलीला फळ्यावर बोलावून हिशोब करायला लावला. तीन मिलिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड, क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. घामातलं ग्लुकोज ०.१ मिलिमोलर. सपाट पत्र्याचा चढ पाच धरला तर करंट ३५ नॅनोॲम्पिअर. ९६.१ धरला तर ०.६७ मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ६७० नॅनोॲम्पिअर. खडू ठेवून ती आमच्या जुन्या पोटेन्शिओस्टॅटकडे, म्हणजे व्होल्टेज लावून करंट मोजणाऱ्या यंत्राकडे, बघायला लागली. त्याच्या डोक्यावरचा पंखा नुसता सुरू केला तरी काटा तीस-चाळीस नॅनोॲम्पिअर इकडेतिकडे होतो, हे तिला माहीत होतं.